दंडावर सेन्सर, तरी बोटाला सुई का?

आखूड बाह्यांचा कुर्ता घातला की डाव्या दंडामागची पांढरी चकती, म्हणजे सतत साखर मोजणारा सेन्सर, दिसते. बसमध्ये, लग्नात, शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारतंच. कुणाच्या तरी घरात मधुमेह असतो, मग बोलणं वाढतं आणि पुढचा प्रश्न येतो: एवढा महागाचा सेन्सर लावलाय, तरी तुम्ही मधूनच बोट का टोचता?

मला टाइप 1 मधुमेह आहे. पूर्वी दिवसाला सहा-सात वेळा बोट टोचायचे, आता आठवड्याला तेवढ्या वेळा. पण पूर्ण सुटलेलं नाही.

कारण सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. चकतीखालचा केसासारखा तंतू जेमतेम 5 मिलिमीटर आत जातो आणि पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातला चढउतार तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असताना काही बिघडत नाही. पण समजा शुगर लो झाली, म्हणजे खूप उतरली, तीन चमचे साखर खाल्ली आणि पंधरा मिनिटांनी सेन्सर अजून 62च दाखवतोय. रक्त तोवर सावरलेलं असू शकतं. घाबरून आणखी खाल्लं की तासाभरात 250! हे मी केलंय. म्हणून तेव्हा बोट.

मागच्या पावसाळ्यात पहाटे अडीचला अलार्म वाजला. 58. सासूबाई साखरेचं पाणी घेऊन आल्यासुद्धा. पण मला घाम नव्हता, हात थरथरत नव्हते. "थांबा आई, आधी बघते," म्हटलं. बोट धुऊन कोरडं केलं (आंब्याचा रस बोटाला लागलेला असला तरी आकडा फुगतो), ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपवर थेंब घेतला: 117. मी डाव्या कुशीवर झोपले होते, चकती अंगाखाली दाबली गेली होती. दाब पडला की सेन्सर खोटा लो दाखवतो. कूस बदलली, थोड्या वेळाने आकडा आपोआप वर आला. सासूबाई मात्र तोवर उशाशी बसून होत्या.

मग सेन्सर हवाच कशाला? बाणासाठी. आकड्याशेजारचा हा बाण शुगर चढतेय की उतरतेय ते दाखवतो. बोटाचा 110 म्हणजे फक्त 110. सेन्सरवर 110 आणि बाण सरळ खाली असेल, तर वर्गावर जायच्या आधी मला काहीतरी खायलाच हवं. हे बोट कधीच सांगू शकलं नसतं. पोह्यांनंतर माझी शुगर 240 पर्यंत जाते, हेही आलेखात दिसलं तेव्हा कळलं, कारण दोन तासांनी बोट टोचेपर्यंत ती उतरलेली असायची. पोहे सोडले नाहीत. डॉक्टरांशी बोलून इन्सुलिन पंधरा मिनिटं आधी घ्यायला लागले. आता शुगरचे 70 ते 180 या हव्या त्या पट्ट्यात दिवसाचे सतराएक तास तरी जातात. वर्षानुवर्षं मला हे जमलं नव्हतं.

खर्च खरंच टोचतो. माझा सेन्सर 14 दिवस चालतो, म्हणजे महिन्याला दोन. गेल्या महिन्यात ब्लाउज काढताना एक चौथ्याच दिवशी उचकटला, तेव्हा पलंगावर बसून रडले. आता वरून चिकटपट्टी लावते आणि डावी बाही शेवटी, हळूच काढते. नवीन सेन्सर येईपर्यंतचे तीन दिवस पर्समधल्या जुन्या ग्लुकोमीटरवरच काढले.