तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रुप प्रोजेक्टचं सगळं काम माझ्याच गळ्यात का पडतं?

"पाच जणांचा ग्रुप. रिपोर्ट मी एकटीनं लिहिला, स्लाइड मीच केल्या आणि मार्क सगळ्यांना सारखे. पुढच्या वेळी काय करू?" विद्यापीठात शिकणारी मुलं-मुली हा प्रश्न सबमिशनचे दिवस आले की हमखास विचारतात. त्यांचा राग खरा असतो आणि मी त्यांच्या बाजूनंच आहे. पण "बाकीचे चौघं आळशी होते" एवढ्यावर थांबलं तर पुढचा प्रोजेक्टही असाच जाणार. काम एकाच्या गळ्यात पडतं ते बहुतेक वेळा पहिल्याच बैठकीत. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे न ठरवताच सगळे उठतात, तिथेच.

हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं 1880च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि 1913 मध्ये निष्कर्ष छापले. एकट्याचा जोर 100 धरला, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला 49च आला. त्यातला काही जोर एकमेकांचा मेळ न बसल्यानं जातो. पण तेवढंच कारण नाही. 1974 मध्ये अ‍ॅलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी एकेकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याच्याबरोबर आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. ओढणारा तो एकटाच होता, तरी त्याचा जोर कमी पडला. पुढे 1981 मध्ये किपलिंग विल्यम्स, स्टीफन हार्किन्स आणि बिब लाताने यांनी हाच प्रकार ओरडण्याच्या आवाजावर तपासला. आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं ज्यांना वाटत होतं, ते घोळक्यातही पूर्ण ताकदीनं ओरडले.

माझ्या दृष्टीनं सगळा उपाय या शेवटच्या वाक्यात आहे. प्रत्येकाचं काम वेगळं दिसलं पाहिजे.

म्हणून पहिली बैठक समोरासमोर घ्या, चॅटवर नको. पाऊण तास पुरतो. समजा 3000 शब्दांचा रिपोर्ट आणि 10 मिनिटांचं प्रेझेंटेशन आहे. त्याचे पाच भाग करू नका, बारा-पंधरा तुकडे करा. एका तुकड्याला तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर तो आणखी फोडा. "प्रस्तावना मी बघतो" याला काम वाटून घेणं म्हणत नाहीत. "प्रस्तावना, 500 शब्द, किमान पाच संदर्भ, बुधवारी रात्री नऊपर्यंत सामायिक फाइलमध्ये" आणि त्यापुढे एकच नाव, हे काम झालं. नाव एकच हवं. दोन नावं लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतात.

पहिली तारीख तीन दिवसांच्या आतली ठेवा आणि काम अगदी लहान द्या: प्रत्येकानं तीन संदर्भ शोधायचे आणि प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहायच्या. या संदर्भांचा उपयोग आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोण गळणार आहे ते तिसऱ्या दिवशी कळतं. एरवी ते कळतं सबमिशनच्या आदल्या रात्री, फोन लागत नाही तेव्हा.

आता जोडणीबद्दल, कारण खरं घोडं इथेच अडतं आणि हे काम कुणाच्याच यादीत नसतं. पाच जणांचे पाच तुकडे एका फाइलमध्ये आणले की काय दिसतं? तीन प्रकारचे फॉन्ट. 'तक्ता 2' दोनदा आलेला. एकानं संदर्भात आडनाव आधी लिहिलेलं, दुसऱ्यानं नुसत्या लिंका डकवलेल्या. पहिल्या प्रकरणात नमुना 60 जणांचा, तिसऱ्यात 58 जणांचा, आणि मधले दोघं का गळले ते कुठेच नाही. आलेख म्हणजे स्क्रीनचा फोटो, छापल्यावर आकडे वाचता येणार नाहीत. एक ना धड, भाराभर चिंध्या. हे शिवायला एकूण वेळाचा चौथा हिस्सा सहज जातो आणि तो रात्रभर बसून घालवतो तो एकच जण. म्हणून जोडणीचेही तुकडे पाडा: संदर्भसूची एकाकडे, तक्ते-आलेख आणि त्यांचे क्रमांक दुसऱ्याकडे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत भाषेचं वाचन तिसऱ्याकडे. फॉन्ट, संदर्भाची पद्धत आणि शीर्षकांचे आकार पहिल्याच दिवशी ठरवून एक कोरी फाइल तयार ठेवा. सगळ्यांनी त्यातच लिहायचं. प्रत बदलून पुन्हा पाठवायची नाही, नाहीतर 'फायनल', 'फायनल 2' आणि 'खरंच फायनल' यांतली कुठली खरी, यातच एक संध्याकाळ जाते.

सबमिशन 30 तारखेला असेल, तर शेवटचा तुकडा 22 तारखेला आला पाहिजे. आपला वेळेचा अंदाज फार भाबडा असतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज 34 दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात 55हून अधिक दिवस लागले.

एक गोष्ट तुम्हाला टोचेल, पण सांगायला हवी. जो सगळं काम करतो, त्याचाही यात हात असतो. सोबत्याचा कच्चा मजकूर आला की तो रात्रीतून पुसून स्वतः नव्यानं लिहितो. सोबती सकाळी फाइल उघडतो, त्याची एक ओळही उरलेली नसते. मग पुढच्या तुकड्यासाठी तो जीव का लावेल? पुसू नका. बाजूला टिप्पणी लिहा: "हा आकडा कुठून आला?", "हा परिच्छेद निम्मा कर." दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. त्यासाठीच वर आठ दिवस राखून ठेवलेत.

तरी कुणी गायब झालंच, तर आधी सर्वांसमोर नाही, एकट्याला विचारा आणि नेमकं विचारा. "तू काहीच करत नाहीस" याला उत्तर म्हणून भांडणच मिळतं. "तक्ता 3 बुधवारी यायचा होता, कुठे अडलंय?" असं विचारलं की पुष्कळदा खरं कारण बाहेर येतं: आजारपण, नोकरीची पाळी, किंवा काय करायचं तेच कळलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. हे शेवटचं कारण वाटतं त्याहून फार जास्त वेळा निघतं. अशा वेळी लहान, स्पष्ट तुकडा द्या आणि दोन दिवसांची मुदत. तीही टळली तर काम दुसऱ्याकडे द्या, आणि ते लेखी कळवा.

सरांकडे किंवा मॅडमकडे जायचं ते निम्मा वेळ उरलेला असताना. सबमिशननंतर गेलात तर त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. जाताना तक्रार नको, यादी न्या: तुकडा, नाव, ठरलेली तारीख, आलेली तारीख. सामायिक फाइलचा बदलांचा इतिहास दाखवता येतो. यादी लागते, कारण स्वतःचा वाटा सगळ्यांनाच मोठा दिसतो. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी 1979 मध्ये हेच दाखवलं. आपली जागरणं आपल्याला आठवतात, दुसऱ्याची आपण पाहिलेलीच नसतात. यादी करताना कधीकधी असंही दिसतं की जिच्यावर राग होता तिनं संदर्भ जुळवण्यात दोन दिवस घातले होते.

सोबत विनंती एकच ठेवा: "व्हायवात प्रत्येकाला त्याच्या भागावर वेगळे प्रश्न विचाराल का?" मार्क कापा असं म्हणायची गरज पडत नाही. आणि ही विनंती केल्याचं त्याच दिवशी ग्रुपमध्येही सांगून टाका, म्हणजे ज्याला तयारी करायची आहे त्याच्या हाती अजून दिवस असतात.