परत ठेवा बोट

बँक मित्राचं, म्हणजे बँकेच्या वतीनं लोकांना आधार आणि बोटाच्या ठशावर पैसे काढून देण्याचं काम करताना माझ्या तोंडी सगळ्यात जास्त येणारं वाक्य म्हणजे, ‘नाही आलं, परत ठेवा बोट.’ सिमेंट कालवून, निंदणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन तरी काय ओळखणार?

त्या दिवशी एक आजी निराधारचे पैसे काढायला आल्या. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं, बोट पदराला पुसलं. अंगठा काही लागेना, शेवटी डावी तर्जनी लागली. शिल्लक ४७ रुपये.

“असं कसं? मागं हजारच तर काढले होते मी.”

मिनी स्टेटमेंट काढलं. एकाखाली एक दोन ओळी, तारीख एकच, दोन्हीकडे १,००० वजा. पैसे कुठे काढले होते, विचारलं. दुसरीकडे कुठेतरी.

“पहिला अंगठा आला नाही म्हणाला तो पोरगा. मग परत लावला.”

“पावती दिली का?”

“पावती कसली रे बाबा?”

खरं सांगतो, मला आधी नेटवर्कचाच संशय आला. व्यवहार मध्येच लटकला की खात्यातून पैसे कापले जातात आणि हातात काहीच पडत नाही, आमच्याकडेही होतं. पण असे पैसे पाच दिवसांत खात्यात परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालचा नियम आहे. इथे तीन आठवडे उलटले होते. मेसेज आला असणार, पण खात्याला नंबर मुलाचा, आणि तो कामाला परगावी.

आधारवरून पैसे काढायला ना एटीएम कार्ड लागतं, ना पिन. शाळा न शिकलेल्या माणसाला हे फार सोयीचं. पण बोट लागलं की नाही, हे फक्त स्क्रीनसमोर बसलेल्यालाच कळतं.

तक्रारअर्ज मीच लिहिला, स्टेटमेंट जोडलं आणि आजींना शाखेत घेऊन गेलो. पोच मिळाली. पैशांचं काय होईल, हे तिथल्या साहेबांनाही सांगता येईना.

परत आलो तर एक गवंडीकाका ताटकळत बसलेले. त्यांचंही बोट नाकारलं गेलं. सवयीनं ‘नाही आलं’ म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, फेल झालेल्या व्यवहाराची पावती काढून हातात दिली. आजवर ती कधी छापलीच नव्हती, उगाच कागद कशाला म्हणून.

काकांनी पावती उलटसुलट करून पाहिली.

“हे काय? पैसे कुठायत?”