चार शहरांतील अभियंत्यांचे एक नियतकालिक

शिकागोत नोकरीनिमित्त राहायला आल्यावर इथल्या अभियंत्यांच्या जुन्या संघटनांचा इतिहास मी आवडीने वाचू लागलो. त्यातील एक प्रकरण सोलापूरच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

बॉस्टनच्या स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८४८ सालची, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये १८५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेहूनही जुनी. पुढे सेंट लुईस (१८६८), शिकागो (१८६९) आणि क्लीव्हलँड (१८८०) येथेही अशा संस्था उभ्या राहिल्या. सभासद बैठकींत आपापल्या कामांवर निबंध वाचत. परंतु स्वतंत्र नियतकालिक चालवणे लहान संस्थेला परवडण्याजोगे नव्हते. म्हणून १८८१ साली या चार संस्थांनी एकत्र येऊन एकच नियतकालिक सुरू केले. प्रत्येक संस्थेचे नाव, पदाधिकारी आणि बैठका पूर्वीप्रमाणेच स्वतंत्र राहिल्या. सामाईक झाली ती फक्त छपाई. माझ्या मते हा व्यवहार टिकला तो याच मर्यादेमुळे, कारण कोणालाही आपला मान सोडावा लागला नाही.

त्याआधी एका शहराचा अनुभव दुसऱ्या शहराला मिळायचा, तर बहुधा माणूसच तिकडे जावा लागे. बॉस्टनचे नगर अभियंता एलिस चेसब्रो १८५५ साली शिकागोला आले, आणि त्यांच्या योजनेतून या सखल, दलदलीच्या शहराला भूमिगत गटारे मिळाली. गटारांना उतार मिळावा म्हणून रस्त्यांची पातळीही उंचावण्यात आली. पिण्याचे स्वच्छ पाणी आणण्यासाठी शहरालगतच्या मिशिगन सरोवराच्या तळाखालून सुमारे दोन मैलांचा बोगदा खोदला गेला, तो १८६७ साली सुरू झाला.

या सहकार्यातून निघालेली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र अगदी किरकोळ वाटणारी होती. सेंट लुईसचे प्राध्यापक जॉन बटलर जॉन्सन यांनी १८८४ पासून या नियतकालिकात ताज्या अभियांत्रिकी लेखांची सूची देण्यास प्रारंभ केला. केवळ शीर्षक न देता लेखात काय आहे, हेही ते थोडक्यात नोंदवत. दूरच्या गावातील अभियंत्याला अमुक विषयावर कोणी लिहिले आहे, हे त्या दोन ओळींतून कळे. हीच सूची पुढे ‘इंजिनिअरिंग इंडेक्स’ झाली, आणि आज जगभरातील विद्यार्थी व संशोधक वापरतात तो ‘कॉम्पेंडेक्स’ हा माहितीसंच तिचाच वारस आहे. नियतकालिक १९१५ साली थांबले. काही संस्थांनी तोवर स्वतःची प्रकाशने सुरू केली होती.

आपल्याकडे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ ही राष्ट्रीय संस्था १९२० पासून आहे आणि तिचे कार्य मोठे आहे. तरीही सोलापूर, धाराशिव, लातूर, विजयपुरा आणि कलबुर्गी या पट्ट्याचे काही प्रश्न याच मातीतले आहेत. पावसात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत पाया कसा घ्यावा, हा प्रश्न जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द पाहत नाही. सोलापुरातील किती घरांच्या भिंतींवर तिरक्या भेगा दिसतात! कोणत्या भागात मुरूम किती खोलीवर लागला, पायाचा कोणता प्रकार टिकला आणि कोणता खचला, हे अनुभवी अभियंत्यांना तोंडपाठ असते. पण त्यांच्या निवृत्तीबरोबर ते ज्ञानही जाते. या पाच शहरांतील अभियंत्यांच्या संघटनांनी वर्षातून एकच सामाईक अंक काढावा, आणि पहिला अंक काळ्या मातीतील पायांच्या नोंदींचा असावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी सूची तयार करण्याचे काम मी इथून आनंदाने करीन.