मोरचूद क्रिस्टल, प्रयत्न तिसरा (दिवस २१)

तर मंडळी, २१ दिवस झाले आणि या वेळी मोरचुदाचा (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार) क्रिस्टल टिकलाय. काल बाहेर काढून टिपकागदावर कोरडा केला, वजन भरलं १६.२ ग्रॅम. एक कड जराशी बोथट आहे, बाकी निळाशार आणि आरपार दिसणारा.

क्रिस्टल द्रावणात दोऱ्याला टांगून वाढवतात. पहिला प्रयत्न सुती दोऱ्यामुळे गेला, दोरा पाणी शोषून वर चढवतो आणि त्याच्यावर सगळीकडे बारीक बारीक कण बसतात, मग मोठा एकच क्रिस्टल विसरा. आता नायलॉनचा पातळ दोरा वापरतो. दुसरा प्रयत्न मात्र डोक्याला ताप झाला होता, कारण रात्री छान दिसणारं सीड (ज्यावर मोठा क्रिस्टल वाढतो तो सुरुवातीचा छोटा तुकडा) दुपारपर्यंत गायब! मी एका जुन्या जाणत्याला विचारलं, "सीड विरघळतंय, काय करू?" बस, एवढंच. त्यांनी उत्तर दिलंच नाही, उलट चार प्रश्न: किती पाणी, किती मोरचूद, रात्री तापमान किती, दुपारी किती. मला राग आला खरं सांगायचं तर, वाटलं माहीत असेल तर सांगून टाका ना, परीक्षा कसली घेताय.

पण थर्मामीटर लावला तर रात्री २४, दुपारी ३१. आता बघा, २० अंशांना १०० मिली पाण्यात साधारण ३२ ग्रॅम मोरचूद मावतो, ३० ला जवळपास ३८. माझं ४०० मिली द्रावण २४ ला संपृक्त होतं, म्हणजे अजून काही विरघळणार नाही इतकं भरलेलं, ३१ ला त्यात अजून १५-१७ ग्रॅमची जागा झाली, त्यात अर्ध्या ग्रॅमचं सीड कुठे राहणार. उत्तर त्या चार आकड्यांतच होतं. या वेळी बरणी थर्माकोलच्या डब्यात ठेवली, तोंडावर टिपकागद बांधला, आणि दिवसरात्रीचा फरक दोन अंशांच्या आत आला.

हिशेब पण जुळतोय बऱ्यापैकी. साधारण ६० मिली पाणी उडालं, म्हणजे २० ग्रॅम बाहेर यायला हवा, १६ क्रिस्टलवर आणि बाकीचा तळाशी चुरा (तो परत गरम करून विरघळवून गाळून घेतला, टाकला नाही).

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात एका नवख्या मुलाने मला अगदी माझाच प्रश्न विचारला: "क्रिस्टल होत नाहीये, काय चुकतंय?" आणि मी काय केलं, तर "आधी वाच जरा" म्हणून झटकून टाकलं. मग रात्री लाज वाटली. कारण वाच म्हणणं चूक नाही, पण काय वाचायचं ते न सांगता म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. दुसऱ्या दिवशी त्याला तेच चार प्रश्न पाठवले. त्याने लगेच विचारलं, मोरचूद स्वयंपाकघरातल्या पातेल्यात गरम केला तर चालेल का. नाही चालत बाबा, विषारी आहे तो, वेगळं काचेचं भांडं घे, बरणीवर नाव आणि तारीख लिही. आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नको, माशांना आणि पाण्यातल्या जीवांना तांबं फार वाईट. त्यात स्टीलवूल टाकून ठेवलं की तांबं लालसर गाळ होऊन खाली बसतं, रंग निळ्याचा फिका हिरवट होतो. गाळ वाळवून घातक कचऱ्यात द्यायचा.

त्याचा पुढचा प्रश्न स्फोटक बनवायचा होता. त्यावर मी गप्प बसतो, आणि तसं स्पष्ट सांगतोही. त्यावर तो म्हणाला, त्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किनने नाही का १८५६ मध्ये १८ व्या वर्षी घरच्या प्रयोगशाळेत मॉव्ह हा जांभळा रंग शोधला! शोधला रे, पण त्याआधी तो हॉफमन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या हाताखाली शिकत होता, हे कोणी सांगत नाही.

असो. क्रिस्टल कोरड्या हवेत पांढुरका पडू नये म्हणून पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात देणार आहे. पुढच्या वेळी साध्या तुरटीच्या क्रिस्टलवर क्रोम तुरटीचा (क्रोमियम असलेली जांभळी तुरटी) थर चढवून बघायचंय, कोणी केलं असेल तर आकड्यांसकट सांगा.

त्या मुलाचं उत्तर आजच आलं. तापमान दिवसाला २७, रात्री २३, पाणी अर्धा लिटर, मोरचूद "नऊ चमचे". वजनकाटा मागवलाय म्हणतो.