काळ्या बाईच्या गिरणीवर

"काळे कपडे घालून कुणाच्या दहाव्याला निघालीस गं?"

मावशीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. निघाले होते ते मेलेल्या माणसाच्या गावात फिरायलाच. ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न 22 जुलै 2025 ला गेला आणि मी बर्मिंगहॅमला पोहोचले सप्टेंबरात. आधी 5 जुलैला व्हिला पार्कच्या मैदानावर ब्लॅक सबाथचे चौघं शेवटचे एकत्र वाजवणार होते, त्याची तिकिटं बघता बघता संपली. मग अंत्ययात्रा झाली, 30 जुलैला ब्रॉड स्ट्रीटवरून, ब्रास बँड लावून. तीही मी मोबाइलवरच बघितली. थोडक्यात, जत्रा उठल्यावर पोहोचले. पण लंडनचं ऑफिसचं काम आटपून चार दिवस हातात होते, मावसभाऊ, म्हणजे दादा, वीस वर्षं बर्मिंगहॅमला आहे, आणि मावशी सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेली. म्हटलं, आता नाही तर कधी?

या वेडाचं मूळ दादाच. सांगलीला त्याच्या खोलीत, बहुधा 1993 साली, लोडशेडिंगमध्ये त्याने ब्लॅक सबाथची पहिली कॅसेट लावली. हॉस्टेलच्या मित्राने परदेशातून आणलेली, बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरवर. मी तेव्हा वाचनालयातून भयकथांची पुस्तकं आणून पांघरुणात वाचणारी मुलगी. पडका वाडा, पिंपळ, विहिरीतला आवाज हे सगळं पाठ झालेलं. पण कॅसेटमधून आधी नुसता पाऊस आला, मग लांबवर घंटा, आणि मग अचानक तीन सूर असे कोसळले की मी दादाचा हात धरला. कॅसेटच्या कव्हरवर तिकिटाएवढं चित्र होतं. जुनी गिरणी, वाळकी झाडं, विचित्र गुलाबी आभाळ, आणि पुढे काळ्या झग्यातली फिकट चेहऱ्याची बाई. भिंग घेऊन मी तिचे डोळे शोधायचे. सापडायचे नाहीत.

ती गिरणी खरी आहे हे मला फार उशिरा कळलं. ते शेवटी. आधी शहर.

न्यू स्ट्रीट स्टेशनात शिरताच समोर दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल उभा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या उद्घाटनासाठी केलेला. मोडीत जायचा होता, पण लोकांनी जाऊ दिला नाही. 2023 मध्ये तो स्टेशनात आला आणि मतदानाने त्याचं नाव ठेवलं ऑझी. बैल मान हलवतो. आपल्याकडे पोळ्याला असा बैल सजवला असता तर गावाने आठवडाभर मिरवला असता. मला जास्त भावलं ते दुसरंच: उद्घाटनाच्या वेळी हा बैल साखळदंड ओढणाऱ्या बायकांनी मैदानात आणला होता. जवळच्या क्रॅडली हीथमध्ये लोखंडी साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी 1910 साली मजुरीसाठी संप केला होता, त्यांची ती आठवण. म्हणजे बैलाच्या नावात गाणं आणि साखळीत कारखाना. पुढचे दोन दिवस मला हेच दोन धागे सगळीकडे भेटत राहिले.

स्टेशनाच्या मागेच स्टेशन स्ट्रीट. तिथे क्राउन नावाचा पब, बंद पडलेला. याच्या माडीवर जिम सिम्प्सन हा ब्लॅक सबाथचा पहिला मॅनेजर ब्लूजचा क्लब चालवायचा, आणि हे चौघं 'अर्थ' या नावाखाली तिथे वाजवायचे. त्याच रस्त्यावर इलेक्ट्रिक सिनेमा. 1909 सालचा, तोही 2024 मध्ये बंद झाला. खिडक्यांवर फळ्या, दारात पावसाने भिजलेले पुठ्ठे. मी फोटो काढत होते तेव्हा एक गृहस्थ थांबून म्हणाले, तुम्हीही त्याच्यासाठीच का? हो म्हटल्यावर नुसती मान हलवून गेले.

नावाचा किस्सा मात्र दुसऱ्या एका थिएटरचा. 'अर्थ' नावाचा आणखी एक बँड निघाल्यामुळे नाव बदलणं भाग होतं. त्यांच्या तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफचा 1963 सालचा भयपट लागला होता, 'ब्लॅक सबाथ'. मूळ इटालियन, दिग्दर्शक मारिओ बाव्हा, तीन भयकथांचा एक चित्रपट. इटालियनमधलं नाव 'भीतीचे तीन चेहरे' असं होतं. तिकिटाची रांग बघून त्यांच्यातला कोणीतरी म्हणाला, लोक पैसे मोजून घाबरायला जातात, कमाल आहे! मग आपण घाबरवणारं संगीत का करू नये? नाव घेतलं ते त्या पोस्टरचं. सैतानाशी करारबिरार काही नाही, समोरच्या दुकानाची गर्दी बघून आपलं दुकान थाटलं.

घाबरण्याची हौस गीझर बटलरला मात्र खरीच होती. बेस गिटार वाजवणारा, गाण्यांचे बहुतेक शब्द लिहिणारा. त्याने खोली काळ्या रंगाने रंगवली होती आणि जादूटोण्याची पुस्तकं वाचायचा. ऑझीने त्याला कुठलंसं जुनं पोथीवजा पुस्तक आणून दिलं, गीझरने ते कपाटात ठेवलं. रात्री जाग आली तर पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती उभी. धावत जाऊन कपाट उघडलं तर पुस्तक गायब. हा किस्सा तो स्वतःच सांगत आला आहे, आणि पहिल्या तबकडीचं पहिलं गाणं त्यावरच आहे. मी हे मावशीला जेवताना सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "रात्री जेवला काय होता?" म्हटलं, मावशी, तो लहानपणापासून शाकाहारी आहे. त्यावर तिचं गीझरबद्दलचं मत एकदम सुधारलं.

ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलाला 2019 पासून ब्लॅक सबाथचं नाव आहे. तिथे लोखंडी बाक आहे, चौघांचे चेहरे असलेला, खाली 'मेड इन बर्मिंगहॅम 1968'. जुलैत इथे फुलांचा ढीग होता. मी गेले तेव्हा कठड्याला बांधलेले दोन सुकलेले गुच्छ आणि कुणीतरी ठेवलेला प्लास्टिकचा वटवाघूळ. बाकावर शाळेची तीन पोरं चिप्स खात बसली होती, ती काही उठेनात. मग मी त्यांच्याच शेजारी, ड्रम वाजवणाऱ्या बिल वॉर्डच्या बाजूला बसले. नेव्हिगेशन स्ट्रीटवर भिंतभर त्यांचं चित्र आहे, संग्रहालयात ऑझीच्या पुरस्कारांचं आणि सोनेरी तबकड्यांचं प्रदर्शन होतं. बघितलं. चकचकीत आहे, पण काचेतल्या पुरस्कारांपुढे मला नेहमीच बँकेत आल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ॲस्टन. चौघंही याच भागातले. दादाने सकाळीच सांगून ठेवलं होतं, "बघायला काही नाही तिथे." बस चुकीची पकडली, पाऊस लागला, छत्री उलटी झाली, आणि काळा टीशर्ट अंगाला चिकटलेल्या अवस्थेत मी लॉज रोडवर पोहोचले. ऑझीचं बालपण गेलं तो रस्ता. लाल विटांची एकाला एक चिकटलेली घरं, पडदे ओढलेले, कचऱ्याचे डबे बाहेर. दादाचं म्हणणं खरं होतं. पण मी तिथे अर्धा तास उभी राहिले, कारण वाड्यात आणि किल्ल्यात शोधायला गेलेलं भय इथे शिफ्टला जायचं, हे मला त्या पावसात नीट कळलं.

ऑझीची आई मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथेच पोराने हॉर्नचे सूर जुळवण्याचं काम केलं, दिवसभर एकामागून एक हॉर्न. नंतर कत्तलखान्यात. पुढे घरफोडीत पकडला गेला, दंड भरायला पैसे नाहीत म्हणून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात गेला. आणि बँडचा गिटारवाला, टोनी आयोमी. सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. वाजवायला युरोपात जायचं ठरलं होतं, त्यामुळे तो नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. नेमकी प्रेसवरची बाई आली नव्हती म्हणून त्याला तिच्या जागी बसवलं. यंत्र खाली आलं, त्याने हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. तो डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. कारखान्यातला वरिष्ठ मात्र घरी आला, जँगो राइनहार्टची तबकडी घेऊन: ऐक, हा माणूस आगीत भाजल्यावर दोनच बोटांनी वाजवतो. मग या पोराने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची टोपणं घडवली, बोटात बसेपर्यंत घासली, आणि तारेवर घसरू नयेत म्हणून वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या. पुढे 1971 च्या तिसऱ्या तबकडीत तारा आणखी सैल केल्या, तीन अर्धस्वर खाली. बोटांना आराम मिळाला आणि आवाज चिखलासारखा जड झाला. आज जगातल्या कुठल्याही मेटल बँडची गिटार अशी खाली उतरलेली ऐकली की मला ती साबणाची बाटली दिसते.

क्रुसाचंही असंच. गळ्यातले ते मोठे क्रूस बघून लोक दचकायचे. ते घडवले होते ऑझीच्या वडिलांनी, ॲल्युमिनियमचे. ते कारखान्यात टूलमेकर होते. आणि ते घालायचे कशासाठी, तर सैतानाच्या खऱ्याखुऱ्या भक्तांपासून रक्षण व्हावं म्हणून. बापाने पोराच्या गळ्यात ताईत बांधला, इतकं साधं आहे ते.

तिसऱ्या दिवशी रविवार. दादा म्हणाला गाडीने जाऊ, दोन तासांचा रस्ता आहे. मावशी येणार नव्हती, पण पाणचक्कीवर अजून दगडी जात्याने गहू दळतात असं कळल्यावर तिने पर्स उचलली.

वाटेत दादाने तेच गाणं लावलं. पाऊस, घंटा, तीन सूर. मावशीने सांगलीत पंधरा वर्षं पेटीच्या शिकवण्या केल्या आहेत. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मांडीवर बोटं ठेवली. "सा. वरचा सा. आणि हा तीव्र मध्यम. त्याला हलवतोय तो." पुन्हा लाव म्हणाली. युरोपात या सुरांमधल्या अंतराला 'संगीतातला सैतान' असं नाव पडलं होतं, चर्चने त्यावर बंदी घातली होती ही मात्र दंतकथाच. मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मावशी म्हणाली, "अगं, यमन रोज संध्याकाळी याच मध्यमावर उभा असतो. मध्यमाचा काय दोष? याने त्याला एकट्याला सोडलंय, ना गंधार ना पंचम. एकटा राहिला की कोणीही भुतासारखाच दिसेल." मेटलवर मी एवढं वाचलंय, पण असं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

मेपलडरहॅम हे ऑक्सफर्डशायरमधलं चिमुकलं गाव, थेम्सच्या काठी. अरुंद रस्ता उतरत जातो, जुना हवेलीवजा वाडा, चर्च, आणि मागे ती. गिरणी पंधराव्या शतकातली. थेम्सवर चालू राहिलेली ही शेवटची पीठगिरणी. बत्तीस वर्षं भिंगातून बघितलेली जागा समोर आली आणि माझ्या मनात पहिला विचार आला, अरे, हिरवी आहे! हिरवळ, बदकं, आइस्क्रीम खाणारी मुलं. भय तयार केलं होतं कीथ मॅकमिलन या छायाचित्रकाराने. इन्फ्रारेड फिल्म वापरली, त्यामुळे पानं गुलाबी आणि आभाळ आजारी दिसतं. मॉडेलला पहाटे उठवून आणलं, थंडी मरणाची, धुरासाठी कोरडा बर्फ. ती काळी बाई म्हणजे कुडकुडणारी एक तरुणी. आतल्या पानावर उलटा क्रूस छापला गेला, तोही बँडला न विचारता. ती तबकडी ऑक्टोबर 1969 मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाली आणि शुक्रवार, 13 फेब्रुवारी 1970 ला बाजारात आली. तारीखही विकणाऱ्यांनी मुद्दाम साधलेली असणार असं मला वाटतं.

नेमका कोन शोधायला वेळ लागला. दादा मोबाइलवर कव्हर धरून मागे मागे सरकत होता, "डावीकडे, अजून, थांब!" मी काळा टीशर्ट, काळी ओढणी, हात छातीशी. आम्ही तिघं सोडून तिथे आणखी दोन जण याच कामासाठी आले होते, कोपऱ्यात आपली पाळी येण्याची वाट बघत. एकाच्या दाढीत पांढरे केस, पाठीवर नवं कोरं जाकीट. पाळी आल्यावर त्याने आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि गंभीर चेहरा केला. फोटो चांगला आला. त्याचा, माझा नाही. माझ्या फोटोत मागून बदक जातंय.

मावशी तोवर आत. लाकडी चाक फिरत होतं, जमीन थरथरत होती, सगळीकडे पिठाची धूळ आणि ओल्या लाकडाचा वास. दळणारा माणूस तिला काहीतरी समजावत होता आणि ती चिमटीत पीठ घेऊन अंगठ्याने चोळून बघत होती. भाषा दोघांची वेगळी, पण चिमूट तीच. "जाडसर आहे," ती मला म्हणाली, "पण गरम नाही झालेलं. गोड लागेल." दोन पिशव्या घेतल्या. परतताना त्या तिने मांडीवर धरल्या होत्या.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने कणीक भिजवली. पाणी जास्त लागलं, तासभर झाकून ठेवावी लागली. पोळ्या कडेला चिरल्या, फुगल्या मात्र. पहिली पोळी तुपाबरोबर मला दिली, आणि खरंच गोड होती. दादाने पुन्हा तबकडी लावली, या वेळी मोठ्या स्पीकरवर. पाऊस सुरू झाला, लांबून घंटा.

"आवाज कमी कर रे," मावशी तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजतेय मी."