गणपती कापताना

लग्नपत्रिका रद्दीत टाकता येत नाही, कारण वर गणपती असतो. ही अडचण मराठी घरात कुणाला समजावून सांगायला नको. पत्रिका येते, काही दिवस फ्रिजवर राहते, लग्न होतं, जेवण पचतं, गणपती मात्र उरतो. मग तो खणात जातो. खण भरला की डब्यात. आमच्याकडे बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे. आईकडून आलेला, आतल्या गणपतींसकट.

यंदा दसरा झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो डबा मागितला. आमच्या भागात मुलींचं एक वसतिगृह आहे. त्यांच्या दिवाळीच्या प्रदर्शनात विकायला आम्ही सोसायटीतल्या पाचजणी भेटकार्डं करून देतो. पैसे त्यांच्या मेसला. दोन वर्षं टिकल्या, लेस, कुंदन वगैरे चिकटवून झालं होतं, या वर्षी काकूंच्या डोक्यात पत्रिका आल्या. "त्यातले गणपती कापून घेऊ. तुझा डबाही मोकळा होईल." हे बसतं का पण शास्त्रात, मी विचारलं. काकू म्हणाल्या, "टाकतोय कुठे? पुढे पाठवतोय." पुढे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी खणात, हे दोघींनाही कळत होतं.

तर दुपारी, जेवणं उरकून, काकूंच्या हॉलमध्ये सतरंजी. एकीने शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणला होता. 1940 सालची संस्था. तिथला कागद लाकडाचा नाही, सुती चिंध्यांचा. हात फिरवला की खळ घातलेल्या पंच्यासारखा लागतो आणि काठ कुरतडल्यासारखे असतात. त्या काठांवरून अर्धा तास गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन सगळं सरळ करायला बसल्या होत्या, आणि बाकीच्या म्हणत होत्या की अहो, काठांचेच तर पैसे दिलेत! माझं याबाबतीत ठाम मत आहे. हातचं कार्ड दया येण्याइतकं वाकडं नसावं आणि दुकानातलं वाटण्याइतकं सरळही नसावं. मत ठाम असलं तरी हात दरवेळी दयेच्या बाजूला झुकतो.

लहानपणी सहामाही परीक्षा संपली की आमच्या घरी कार्डांचा कारखाना लागायचा. भेंडीचा देठाकडचा तुकडा रंगात बुडवून ठसा मारला की पाच पाकळ्यांचं फूल. दोरा शाईत भिजवून दुमडलेल्या कागदातून ओढला की मोर, किंवा ज्याला जे दिसेल ते. आणि सगळ्यात भारी म्हणजे टूथब्रशचा फवारा. कागदावर गुलमोहराचं पान ठेवायचं, ब्रश शाईत बुडवून कंगव्यावर घासायचा. पान उचललं की खाली पांढरं पान. खालच्या शहाबादी फरशीवरही निळे ठिपके उडायचे आणि मधे कार्डाएवढा चौकोन स्वच्छ राहायचा. आई तो चौकोन दाखवून ओरडायची, "इथेच तेवढी फरशी पुसायची राहिली नाही!" एकदा मी चुकून बाबांचा चालू ब्रश घेतला. सकाळी त्यांचे दात निळे. ते आरशात बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दिवाळी आली वाटतं."

पोस्टाचं खातं बाबांकडे. कार्डं बुक पोस्टाने जायची, म्हणजे पाकीट चिकटवायचं नाही, झाकण आत खोचायचं, तिकीट स्वस्तातलं. आणि आत हाताने पाच शब्दांपेक्षा जास्त लिहायचं नाही. हा पोस्टाचा नियम, असं बाबा सांगायचे. पोस्टात कुणी शब्द मोजत बसलं असेल असं मला वाटत नाही, पण बाबा मोजायचे. 'शुभ दीपावली, सर्वांना नमस्कार' हे चार झाले. पाचवा शब्द माणसागणिक बदलायचा, आणि तो ठरवायला बाबा चहाचा अख्खा कप घ्यायचे. मामाला 'ये'. अबोला धरलेल्या चुलत काकांना 'तरीही'. मिरजेच्या आजोबांना 'औषध घ्या' सांगायचं होतं, पण ते दोन शब्द झाले. बाबांनी ते जोडून लिहिले, 'औषधघ्या'. नियम म्हणजे नियम.

पुढे घरी 'क्राय'ची कार्डं यायला लागली. 1979 साली रिप्पन कपूर नावाच्या, विमानात पर्सर असलेल्या तरुणाने मित्रांबरोबर पन्नास रुपयांवर सुरू केलेली ही मुलांसाठीची संस्था, हे खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की ती कार्डं गुळगुळीत आहेत, आणि ज्यांनी पाठवली त्यांनी दानही केलंय. आमच्याकडे कार्ड आधी उलटून बघायचे. मागे अशा संस्थेचं नाव असलं की ते शोकेसमध्ये पुढे. मला माझ्या भेंडीच्या फुलांची लाज वाटायला लागली आणि आठवीत कारखाना बंद पडला. युनिसेफचं 1949 सालचं पहिलं कार्ड एका सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! यिटका सामकोवा तिचं नाव. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या तिच्या गावाला मदत पोचली, म्हणून तिने ते काढलं. कागद नव्हता म्हणून काचेवर. हे वाचल्यापासून कागदाच्या काठांवरून भांडताना मला कानकोंडं होतं. थोडंसंच.

वसतिगृहाच्या बाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. "ताई, आत कोरं ठेवा हं. लिहिलेलं कुणी घेत नाही." बरोबरच आहे. पण कार्ड करायचं आणि आत काहीच लिहायचं नाही, याने माझा हात शिवशिवतो. चार शब्द कुणालाही चालतात हो. पाचवा कुणासाठी लिहायचा?

चारच्या सुमाराला धडधाकट गणपती संपत आले. मी डब्याच्या तळातली एक गुलाबी पत्रिका काढली. रुपेरी गणपती, सोंडेवरची चमक गेलेली. वाचली नाही, कापायची आहे ती काय वाचायची! कान, मुकुट, खाली पाट, असा नीट वळसा घेऊन कापला आणि फेविकॉल लावायला उलटा केला. मागे बारीक अक्षरांत होतं, 'वशीच्या लग्नाला यायचं हं! चिं'.

'गी' सतरंजीवर कपच्यांमध्ये पडला होता.

1986. मिरजेला, मावशीचं लग्न. 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' असं छापायचं ठरलं, तेव्हा नावं घालायला घरात मी एकटीच लहान होते. आजोबांनी छापखान्यातून आणलेली पहिली पत्रिका माझ्या हातात दिली होती आणि मी ती घेऊन गल्लीभर हिंडले होते. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांनाही दाखवली. त्यातले दोघे आले जेवायला.

"काय गं, थांबलीस?" काकूंनी विचारलं. काही नाही म्हटलं. त्या तुकड्यावर फेविकॉल जरा कमीच लावला, चारही टोकांना फक्त, आणि चिकटवून टाकला. आत कोरंच ठेवलं.

साठ कार्डं गेली. तीस रुपयांना एक. अठरा परत आली, त्यांत बहुतेक काठ सरळ केलेली होती, पण वहिनींसमोर कुणी बोललं नाही. गुलाबी गणपती त्या अठरांत नव्हता. दोनदा बघितलं.

तुळशीचं लग्न झाल्यापासून तीन पत्रिका आल्यात. एकीवरचा गणपती नुसत्या दोन रेघांचा आहे, कापायला अगदी सोपा. डब्यात टाकलाय.