एका पिशवीत एकच जिन्नस

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात मी एका गाळ्यावर दिवाणजी आहे. गेल्या सोमवारी खडकीच्या एका चर्चचा टेम्पो दारात लागला. भोसरीतल्या एका कारखान्याने ठेकेदाराकडची माणसं घरी बसवली. त्यातली बहुतेक घरं केशरी रेशनकार्डाची, स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीत नावच नाही. शहरात वर्षाला ५९ हजारांच्या वर उत्पन्न गेलं की स्वस्त धान्य बंद, आणि नोकरी गेली म्हणून कार्डावरचा आकडा काही खाली येत नाही. म्हणून चर्चच्या मंडळीने उपासनेनंतर घरोघरचं धान्य गोळा केलेलं.

महिला मंडळाच्या काकू म्हणाल्या, "दादा, नुसतं चाळून एकत्र करून द्या. किट आम्ही बांधू."

एकत्र! लोकांना वाटतं तांदूळ म्हणजे तांदूळ. नवा इंद्रायणी आणि जुना कोलम एका पातेल्यात टाकून बघा. इंद्रायणीचा गोळा होतो तरी कोलम कणीदारच. डाळीचं त्याहून वाईट. दोन-दोन वर्षं डब्यात पडलेली तूरडाळ कितीही शिट्ट्या काढा, दाद देत नाही. ज्याच्या घरी पाच किलोचं छोटं सिलिंडर पुरवून वापरतात, त्याला असली डाळ फुकट द्यायची म्हणजे गॅस जाळायला लावायचा. कपाट आवरण्याला लोक दान म्हणतात. आमच्या शेठना त्याचं काही नाही, त्यांना टेम्पोपुढे उभं राहून फोटो हवा होता.

ताडपत्री टाकून बसलो. जाळी धरलेला रवा आधी बाहेर. एकसारख्या मालाचे ढीग वेगळे केले. उरलेल्या सरमिसळीवर काकूंना म्हटलं, हे नीट निवडा, चर्चच्या मोठ्या शेगडीवर एकदाच भाजा, धणे-जिरे घालून दळून आणा. भाजणी द्या, थालीपीठाला गॅस किती लागतो? काकू खूश.

मग ती पिशवी निघाली. जुन्या साडीची, हाताने शिवलेली. तांदूळ तळहातावर घेतला तर मधूनमधून जरा वेगळेच पांढरट दाणे. फोर्टिफाइड. शंभराला एक, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला. लोक त्याला प्लास्टिकचा तांदूळ समजून निवडून टाकतात. म्हणजे रेशनचा माल. असा तांदूळ कुणी विकायला आणला तर आम्ही पायरी चढू देत नाही.

कमिटीतले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "कुणीतरी काळ्या बाजारातून उचललाय. काढा तो." काळ्या बाजाराचा माल पोत्याने येतो हो, साडीच्या पिशवीतून नाही! काट्यावर दोन किलो भरला. माणशी महिन्याला गहू-तांदूळ मिळून पाच किलो मिळतं, त्यातला हा. नाव कुठेच नव्हतं. काकूंनी पिशवी बघितली, पण बोलल्या काहीच नाहीत. मी तो तांदूळ तसाच वेगळा बांधून दिला.

निघताना पाळकांना सांगितलं, पुढच्या वेळी पैसेच गोळा करा. एका लॉटची डाळ, एका लॉटचा कोलम, होलसेल भावात देतो. हिशेबाने तेच बरोबर आहे.

पाळक म्हणाले, "आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याने काय द्यायचं?"

कमिटीने आता कोटेशन मागवलंय. लिहून तयार आहे. खाली 'घरचं धान्यही चालेल, एका पिशवीत एकच जिन्नस' अशी ओळ टाकावी का, तेवढं ठरत नाही. टाकली की जाळीचा रवा पुन्हा येणार.